न उघडलेल्या बरणीतली चोरी

१

बरणी कुणी उघडली नव्हती. फोडली नव्हती, कापली नव्हती, झाकणाभोवती ओतलेल्या शिशाला नख लागल्याचीसुद्धा खूण नव्हती. तरीही तिच्या पोटातली सोन्याची अंगठी गायब होती.

"गायब म्हणजे साफ गायब!" संचालकसाहेबांनी टेबलावर हात आपटला. त्या हाताच्या एका बोटाला भलंमोठं बँडेज होतं. आपटल्यावर काही क्षणांनी त्यांना ते आठवलं असावं, कारण मग ते कळवळले. "काल होती, आज नाही. तुम्ही सुरक्षा अधिकारी आहात ना? मग शोधा!"

मी पोलिसात उभी हयात घालवली. घरफोड्या पाहिल्या, पाकीटमार पाहिले, एकदा चोरीला गेलेला अख्खा रोडरोलर शोधून दिला. निवृत्तीनंतर या प्रयोगशाळेत लागलो ते निवांत वर्तमानपत्र वाचायला मिळेल म्हणून. पण बरणी बंद ठेवून बरणीतलं चोरणारा चोर माझ्या वाट्याला कधी आला नव्हता. मनातून मला त्याचं कौतुकच वाटलं.

आजच्या वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर तीच बरणी होती. चारशे वर्षांपूर्वीची, पितळेची, हातभर उंच, संग्रहालयातून आमच्याकडे तपासणीला आलेली. तिच्या डोक्यावर आशीर्वाद दिल्यासारखा हात ठेवून साहेब उभे होते. खाली मोठा मथळा होता: 'न उघडताच सापडली प्राचीन अंगठी'.

"संशय कुणावर?" मी विचारलं.

"संशय कसला, खात्री आहे. रात्रभर बरणी जिच्या ताब्यात होती तीच. शुक्रवारी नियामक मंडळाची बैठक आहे. तोवर अंगठी मिळाली नाही तर मी तिचं नाव पुढे करणार, आणि ते यंत्र दुसऱ्याच्या हवाली करणार. सध्या तिला कामावरून बाजूला केलंय." साहेब खुर्चीत रेलले. त्यांच्या मागे भिंतीवर त्यांचाच मोठा फोटो आहे: हनुवटीखाली मूठ, बोटात पांढरी चकचकीत अंगठी आणि चेहऱ्यावर खोल विचार. खाली खुर्चीत तेच साहेब होते, विचार वजा जाता.

"पण ती म्हणजे नक्की कोण?"

"तुम्हाला माहीत नाही?" साहेबांनी टेबलावरचं शिशाचं जाडजूड पेपरवेट उगाच इकडचं तिकडे सरकवलं. "तुमची मेहुणी!"

२

माझी मेहुणी म्हणजे बायकोची धाकटी बहीण. लहानपणी घरातली घड्याळं उघडून ठेवायची, आणि पुन्हा जोडल्यावर ती पूर्वीपेक्षा बरी चालायची. इथलं न्यूट्रॉनचं यंत्र तिनेच उभं केलं. लोक मुलांचे फोटो खिशात ठेवतात, ही त्या यंत्राच्या कॅमेऱ्याचा ठेवते. ते तिच्या हातून गेलं असतं तर तिच्यात काय उरलं असतं, याचा विचार मला करवत नव्हता.

बातमी माझ्याआधी घरी पोहोचली होती. बायकोचा फोन आला. "तिचं यंत्र तिला परत मिळत नाही तोवर घरात तुम्हाला चहा मिळणार नाही."

"अगं, पण मी काय..."

"साखर घातलेलाही नाही आणि बिनसाखरेचाही नाही." फोन बंद.

मेहुणी आपल्या खोलीत बंद पडलेल्या संगणकासमोर बसली होती. साहेबांनी तिचा पासवर्डच रद्द केला होता. रडत नव्हती, पण नाकाचा शेंडा लाल होता.

"भाऊजी, न्यूट्रॉन म्हणजे काय ते माहीत आहे का तुम्हाला?"

"धंदा काय करतात?" मी माझ्या पद्धतीने विचारलं.

ती हसली. मला बरं वाटलं.

"फिरतात. पितळ, शिसं यांच्यातून आरपार जातात. क्ष-किरण शिशापाशी अडतात, हे अडत नाहीत. उलट लाकूड, पाणी, कापड अशा हलक्या गोष्टींत अडखळतात. म्हणून बंद बरणीतलं आपल्याला बाहेरून दिसतं. हे झालं साधं चित्र."

"आणि तुझं?"

"माझं यंत्र त्याच्या पुढचं आहे. शाळा सुटल्याची घंटा झाली की सगळी पोरं एकदमच फाटकातून निघतात ना? पण घरी पोहोचतात वेगवेगळी. पळणारी आधी, रमतगमत येणारी शेवटी. माझे न्यूट्रॉन तसेच एका ठोक्याला सुटतात आणि वेगाप्रमाणे मागेपुढे कॅमेऱ्यावर येतात. कॅमेरा प्रत्येक टोळीचं वेगळं चित्र घेतो. गंमत अशी, की बऱ्याच धातूंना आपापल्या ठरावीक वेगाचे न्यूट्रॉन फार आवडतात. तेवढे गिळायचे, बाकीचे सोडून द्यायचे. कुठल्या टोळीतली पोरं घरी आलीच नाहीत ते पाहिलं की वाटेत कोणता धातू होता ते कळतं."

हे मला लख्ख समजलं. पोलिसात आम्हीही हेच करायचो: कोण आलं यापेक्षा कोण आलं नाही ते बघायचं.

तिने खणातून दोन छापील चित्रं काढली. पहिलं सोमवारचं. फिकट राखाडी बरणी, तिच्या तळाशी एक काळपट गोल ढेकूळ, आणि ढेकळाच्या डोक्यावर एक लहानसं, सुबक वर्तुळ. अंगठी. दुसरं मंगळवार सकाळचं. तीच बरणी, तेच ढेकूळ. वर्तुळ नाही.

"सोमवारी सोन्याची खूण तेवढी मी पाहिली. बाकीचं तपासायचं राहिलं होतं. मी साहेबांना म्हटलं, वर्तुळाच्या कडा फार रेखीव दिसताहेत, मला हे पटत नाही. उद्या बरणी थोडी थोडी फिरवत सगळ्या बाजूंनी चित्रं घेऊ, मगच बोलू. साहेब हो हो म्हणाले आणि बाहेर जाऊन वर्तमानपत्राला फोन केला. आज फिरवायला सुरुवात करायची म्हणून आधी कालच्याच बाजूने चित्र घेतलं, तर हे असं. पुढे फिरवूच दिली नाही. बरणी जप्त."

"आणि हे ढेकूळ कसलं?"

"संग्रहालयाच्या बाई म्हणाल्या, माती असेल. अंगठी दिसल्यावर मातीकडे कोण बघतंय!"

मी दोन्ही चित्रं एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरली. बरणीवर बरणी बसली. ढेकळावर ढेकूळ बसलं, त्याच तिरकेपणाने, रेषेला रेष. चोराने ढेकळाच्या डोक्यावरची अंगठी उचलली होती, आणि ढेकूळ केसभरही हललं नव्हतं.

३

संग्रहालयाच्या बाईंना आमच्याकडे सगळे हातमोजेबाई म्हणतात. त्या जेवतानाही पांढरे हातमोजे काढत नाहीत अशी वदंता आहे. माझ्यासमोर त्यांनी हातमोजे घालूनच चष्मा पुसला.

"ही बरणी मला पोटच्या पोरीसारखी आहे," त्या म्हणाल्या. "चोरी मी केली असं वाटत असेल तर स्पष्ट विचारा."

"केलीत?"

"अजिबात नाही! उद्धट आहात."

"सोमवारी बरणीजवळ कोण कोण गेलं?"

"मी, तुमच्या मेहुणीबाई, ते टिकटिक करणारे गृहस्थ आणि साहेब. सगळं जागेवर लावून झाल्यावर मेहुणीबाई बाहेरच्या खोलीत यंत्र बघायला गेल्या, तर साहेबांना फोटोची हुक्की आली. बरणीवर हात ठेवायचा म्हणे! मी ठणकावून सांगितलं, हातमोजे नसतील तर निदान अंगठ्या, घड्याळं, बांगड्या सगळं उतरवायचं. पितळेवर ओरखडा पडतो. मग समोर साहेब असोत नाहीतर साहेबांचे तीर्थरूप."

"ऐकलं त्यांनी?"

"माझं सगळे ऐकतात. फोटो काढून घेतला, मग आम्ही बाहेर आलो, दार बंद झालं आणि न्यूट्रॉनचा झोत सुरू झाला."

"बाई, ती अंगठी मिळाली तर तुमच्या संग्रहालयाची भरभराट होईल, नाही का?"

"मिळाली तर! चोरून मी ती काय घरी काचेच्या कपाटात ठेवून तिकिटं लावणार आहे?" त्यांनी नाक मुरडलं. यात तथ्य होतं.

टिकटिकराव म्हणजे आमचे किरणोत्सार सुरक्षा अधिकारी. गळ्यात कायम मोजणीचं यंत्र, ते सदैव टिकटिकतं. माणूस नियमाचा इतका पक्का, की शिंक आली तरी आधी बाजूला होऊन कुणाच्या वाटेत नाही ना ते बघतो. मी गेलो तेव्हा ते बाहेर जायच्या दाराशी मांडी घालून बसले होते आणि भोवती दारावरच्या तपासणी यंत्राचे सुटे भाग पसरले होते. शेजारी दुसरं यंत्र लावलेलं होतं.

"काय झालं याला?"

"काही नाही झालेलं! तेच तर दुःख आहे." त्यांनी एक सुटा भाग मायेने हातात घेतला. "आज सकाळी हे उगाच वाजलं, म्हणून साहेबांचा हुकूम झाला, बिघडलंय, खोलून बघा. खोललं. ठणठणीत आहे. इतक्या वर्षांत हे खोटं कधी बोललं नाही हो."

मी त्यांना माझी चोरी समजावून सांगितली. ते ऐकता ऐकता स्क्रू पुसत होते. मध्येच थांबले.

"झोतात ठेवलेली वस्तू थोडीफार तापते, ठाऊक आहे ना? हाताला नाही, माझ्या यंत्राला. ॲल्युमिनियम लगेच निवतं. पितळ थोडा वेळ घेतं. पण सोनं! सोनं न्यूट्रॉन खाऊन जे तापतं, ते आठवडे न् आठवडे निवत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे सोमवारी ती अंगठी झोतात होती ना? मग ती खिशात घालून कुणी माझ्या दारातून बाहेर पडूच शकत नाही. इथे अशी बोंब उठली असती, की तुमचं वर्तमानपत्र हातातून पडलं असतं."

मी चालत्या यंत्राकडे पाहिलं, मग सुट्या भागांकडे. अंगठी अजून याच इमारतीत होती.

४

घरी चहा नव्हताच. बायकोने ताट मात्र वाढलं, कारण ती कर्तव्याला चुकत नाही. रागावलेली असली की ती माझ्याशी बोलत नाही, भाजीच्या पातेल्याशी बोलते. साहेबांच्या पत्नी, ज्यांना आम्ही वहिनीसाहेब म्हणतो, त्या आणि ही रोज सकाळी एकत्र फिरायला जातात. त्यामुळे पातेल्याला बरीच माहिती मिळते.

"वहिनी सांगत होत्या," ती पातेल्याला म्हणाली, "साहेबांचं बोट गाडीच्या दारात सापडलंय म्हणे. सोमवारी संध्याकाळी बँडेज बांधूनच घरी आले. वहिनी म्हणाल्या, बघू तरी. तर हात पाठीमागे लपवला, लहान मुलासारखा! आज आंघोळीलाही हात वर धरून उभे होते. वहिनींना बघवत नाही. फार माया आहे त्यांची."

"फार?" मी भात कालवत विचारलं.

"लग्नाच्या वाढदिवशी साहेब एकदा उशिरा आले तर त्यांनी त्यांना जिन्यात झोपवलं होतं. इतकी."

मी दुसऱ्या दिवशी साहेबांपुढे सावधानात उभा राहिलो. "साहेब, आरोपीची कसून उलटतपासणी घ्यायची आहे. तिला तिच्याच संगणकासमोर बसवतो. घाबरून ती काही पुसायला जाईल, की रंगेहाथ पकडू. त्यासाठी तिचा पासवर्ड तेवढा चालू करायला लागेल."

"शाबास!" साहेब म्हणाले. "नात्यागोत्याचा मुलाहिजा ठेवू नका."

"अजिबात ठेवणार नाही," मी म्हणालो, आणि खाली जाऊन मेहुणीला म्हटलं, "बस. तुझी कसून तपासणी सुरू आहे. सोमवारचं काय राहिलंय ते पुरं कर."

दोन दिवस मी तिच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसलो. कुणी आलं की आत बघून ओरडायचो, "खरं सांग!" आणि ती आतून ओरडायची, "सांगते, थांबा!" आमच्या घराण्यात नाटकाचं अंग आहे.

गुरुवारी दुपारी आतलं ओरडणं वेगळं आलं. "भाऊजी!"

पडद्यावर एक नागमोडी रेघ होती आणि तिच्यात मध्येमध्ये खळगे पडले होते.

"एकेक खळगा म्हणजे गिळलेली एकेक टोळी. हा सोन्याचा. त्याला लागून हा चांदीचा. दागिन्यात थोडी चांदी असतेच. आता हा तिसरा बघा. हा इथे असूच शकत नाही. हा पॅलेडियमचा आहे."

"तो कोण?"

"एक पांढरा धातू. हल्ली सोनं पांढरं करायला त्यात मिसळतात. भाऊजी, बरणी चारशे वर्षांपूर्वी शिशाने बंद केली. पॅलेडियम माणसाला सापडून सव्वादोनशे वर्षंसुद्धा झालेली नाहीत."

बंद बरणीतून अंगठी काढणारा चोर मला शोधायचा होता. आता बंद बरणीत अंगठी घालणाराही शोधायला लागणार, असं क्षणभर वाटलं. मग मला ते न हललेलं ढेकूळ आठवलं.

"एक सांग. आपण भिंतीसमोर हात धरला, की सावली पडते. हाताच्या पुढे किंवा मागे दुसऱ्या कुणी बोट धरलं, तर सावलीत काय दिसेल?"

"हातावरच बोट दिसेल. सावलीला मागचं-पुढचं..." ती थांबली. तिने कपाळावर हात मारून घेतला. "मागचं-पुढचं कळत नाही! म्हणूनच मला फिरवायची होती. आणि कडा! भिंतीजवळच्या वस्तूची सावली रेखीव पडते, लांबच्याची पसरट. बरणीच्या कडा पसरट होत्या, अंगठीच्या रेखीव. ती कॅमेऱ्याच्या बाजूला होती, बरणीच्या पाठीमागे! तिथे स्टँडचा एक स्क्रू पुढे आलेला आहे. स्टँड ॲल्युमिनियमचा, न्यूट्रॉनना तो जवळजवळ दिसतच नाही. म्हणून चित्रात अंगठी अधांतरी, ढेकळावर ठेवल्यासारखी आली."

"म्हणजे आत नव्हतीच."

"कधीच नव्हती. कुणीतरी अंगठी काढून त्या स्क्रूला अडकवली आणि विसरलं."

मी माझं मंगळवारचं वर्तमानपत्र काढलं. बरणीच्या डोक्यावर ठेवलेला साहेबांचा हात नीट बघितला. मग धावत दाराशी गेलो, या वयात शोभेल इतपत. टिकटिकराव शेवटचा स्क्रू बसवत होते.

"एकच सांगा. मंगळवारी सकाळी हे यंत्र कुणावर वाजलं?"

"साहेबांवर," ते म्हणाले. "बाहेर निघाले होते. दोनदा वाजलं. मग ते म्हणाले, राहू दे, मी आतच बसतो."

५

शुक्रवारी मंडळाच्या बैठकीआधी मी सगळ्यांना साहेबांच्या खोलीत गोळा केलं. हातमोजेबाई, टिकटिकराव, मेहुणी. माझ्या विनंतीवरून बायको वहिनीसाहेबांना घेऊन आली होती. वहिनीसाहेबांना बघताच साहेबांनी बँडेजवाला हात टेबलाखाली घेतला.

"चोर सापडला?" त्यांनी विचारलं.

"चोरी झालीच नाही, साहेब. बरणीत अंगठी कधी नव्हतीच." मी दोन्ही चित्रं टेबलावर एकावर एक ठेवली. "अंगठी उचलली असती तर खालचं ढेकूळ हललं असतं. ते हललं नाही, कारण अंगठी त्याला टेकलेलीच नव्हती. ती बरणीच्या मागे स्क्रूला लटकत होती. आणि ती प्राचीनही नाही. तिच्यात पॅलेडियम आहे. ती आजच्या सोनाराने पांढऱ्या सोन्यात घडवलेली आहे."

"कुणाची असेल मग?" वहिनीसाहेब कुतूहलाने पुढे सरकल्या.

"बाईंनी सोमवारी ज्यांना ज्यांना अंगठी उतरवायला लावली, त्यांच्यापैकी कुणाची तरी. बाई, कुणाकुणाच्या बोटात अंगठी होती?"

"माझ्या नसते. मेहुणीबाईंच्या नसते. ह्यांच्या," हातमोजेबाईंनी टिकटिकरावांकडे बोट केलं, "गळ्यातच ते लोढणं आहे. राहता राहिले..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. हनुवटीखाली मूठ, बोटात पांढरी अंगठी.

"हा मूर्खपणा आहे," साहेब म्हणाले, पण आवाजात दम नव्हता. "माझी अंगठी माझ्या बोटातच आहे. बँडेजच्या आत."

"मग वर्तमानपत्रातल्या सोमवारी दुपारच्या या फोटोत बोट उघडं कसं? बँडेज नाही, अंगठी नाही. घरी निघताना तुमच्या ध्यानात आलं की बोट मोकळं आहे. म्हणून बँडेज आलं. मंगळवारी सर्वांच्या आधी येऊन तुम्ही झोताची खोली उघडलीत. किल्ली तुमच्याकडे आहे. स्क्रूवर अंगठी दिसली, आणि तेव्हाच तुम्हाला कळलं की वर्तमानपत्रातली प्राचीन अंगठी ती हीच. ती घेऊन घरी निघालात तर दारावर बोंब झाली. अंगठी घरी नेता येईना, खरं सांगता येईना. मग यंत्र बिघडलं आणि माझी मेहुणी चोर ठरली!"

शेवटचं वाक्य मी जरा मोठ्यानेच बोललो. मला राग आला होता आणि तो मी लपवला नाही.

"साफ खोटं! पुरावा काय?" साहेब उठून उभे राहिले.

"हात इकडे करा," वहिनीसाहेब म्हणाल्या.

त्या फार हळू बोलल्या. साहेबांनी हात पुढे केला. वहिनीसाहेबांनी बँडेजचं टोक धरलं आणि उलगडायला लागल्या. वेटोळ्यामागून वेटोळं सुटत गेलं आणि शेवटी एक गुबगुबीत, निरोगी बोट बाहेर आलं. त्याच्यावर ओरखडा नव्हता. फक्त तळाशी, जिथे वर्षानुवर्षं अंगठी होती, तिथे कातडीवर एक फिकट कडं उमटलेलं होतं.

"कुठे आहे?"

साहेबांनी मुकाट्याने शिशाचं पेपरवेट उचललं आणि झाकण फिरवलं. ते पोकळ होतं. टिकटिकरावांच्या गळ्यातलं यंत्र टिकटिक सोडून किंचाळायलाच लागलं, आणि टिकटिकरावांच्या डोळ्यांत आनंदाश्रू आले. त्यांचं दारावरचं यंत्र खरं ठरलं होतं. त्यांनी चिमट्याने अंगठी उचलून आपल्या डबीत ठेवली.

"घरी कधी नेता येईल?" वहिनीसाहेबांनी विचारलं.

"महिना-दीड महिना लागेल, बाई. त्याआधी नियमात बसत नाही."

"ठीक आहे." त्यांनी पर्स खांद्याला अडकवली आणि साहेबांकडे वळल्या. "अंगठी घरी येईल तेव्हाच तुम्हीही या. आणि अंगठी हरवली म्हणून मी रागावले असते असं तुम्हाला वाटलं ना? नसते रागावले. पण आपली चूक झाकायला दुसऱ्याच्या मुलीला चोर म्हणालात, त्याचं काय करू?"

मग मात्र साहेबांनी एक गोष्ट केली, ती सांगायलाच हवी. ते टेबलाला वळसा घालून मेहुणीपुढे येऊन उभे राहिले.

"मला बायकोने जिन्यात झोपवलं असतं तरी चाललं असतं, हे आता कळतंय," ते म्हणाले. "चूक माझी आहे. मंडळाला मीच सांगतो. यंत्र तुमचं आहे."

"मग मला बरणी फिरवू द्या," मेहुणी म्हणाली.

६

बरणी पुन्हा झोतात गेली. स्टँडच्या चारी बाजू या वेळी आम्ही सगळ्यांनी वाकून वाकून तपासल्या. टिकटिकरावांनी तर खालून आडवं होऊन बघितलं. बरणी थोडी फिरवायची, चित्र घ्यायचं, पुन्हा थोडी फिरवायची, असं सोमवारपर्यंत चाललं. साहेब मधूनमधून येऊन दाराशी उभे राहायचे. शर्ट चुरगळलेला असायचा, कारण ते ऑफिसातच राहत होते. त्यांनी एकदाही फोटो काढून घेतला नाही.

सगळी चित्रं जुळवून झाल्यावर मेहुणीने आम्हाला बोलावलं. पडद्यावर बरणी होती. तिने एक कळ दाबली आणि पितळ विरून गेलं. उरलं फक्त ते ढेकूळ, ज्याच्याकडे अंगठीच्या नादात कुणी पाहिलं नव्हतं.

ती माती नव्हती.

"समोरून टोक आपल्याकडे होतं, म्हणून नुसता गोळा दिसत होता," मेहुणी म्हणाली. "बाजूने बघा."

लाकडाचा भोवरा होता. लहान मुलाच्या मुठीत मावेल एवढा. खाली लोखंडी आर, ठोकून बसवलेली. ठोकल्याचं न्यूट्रॉनना त्या लोखंडाच्या दाबलेल्या कणांवरून कळत होतं. आणि भोवऱ्याभोवती दोरी होती. नीट, वेटोळ्याला वेटोळं चिकटवून, घट्ट गुंडाळलेली.

"शिसं ओतून कुणी भोवरा का बंद करेल?" टिकटिकरावांनी विचारलं.

"आईने जप्त केला असेल," मी म्हणालो. "खेळ पुरे म्हणून. आणि नंतर परत द्यायचा राहून गेला असेल."

कुणी हसलं नाही. मी हसवण्यासाठीच म्हणालो होतो. हातमोजेबाईंनी हातमोजा काढला आणि उघड्या हाताने डोळे पुसले. त्यांचा हात मी पहिल्यांदाच बघत होतो. तो अगदी साधा, म्हाताऱ्या बाईचा हात होता.

"परत द्यायला मूल उरलं नसेल," त्या म्हणाल्या. "म्हणून तर दोरी गुंडाळून ठेवली. तयार."

"बाई, उघडायची का बरणी?" दारातून साहेबांनी दबकत विचारलं.

"नाही," बाई आणि मेहुणी एकदमच म्हणाल्या.

मेहुणीने पडद्यावरच्या भोवऱ्यावर बोट ठेवलं. "बघून तरी घेऊ," ती म्हणाली, आणि बोट सरकवलं. चित्र हळूच फिरायला लागलं, मग जोरात. दोरीची वेटोळी एकमेकांत मिसळली, आर एका जागी स्थिर झाली. आम्ही सगळे, साहेबसुद्धा, पडद्याभोवती दाटीवाटीने उभे होतो. कुठल्यातरी मुलाचा भोवरा चारशे वर्षांनी फिरत होता.

घरी गेलो तेव्हा टेबलावर चहा होता. शुक्रवारपासून मिळतच होता, पण आज साखर दोन चमचे जास्तच होती.